तिसरं माणूस

सिरीयलमध्ये नवरा-बायकोच्या मधी तिसरं माणूस आलं की संसार मोडतो. आमच्या घरातलं तिसरं माणूस मेलं आणि आमचा मोडायला लागला. हे मी भिमीला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. हसण्यासारखं काय नाय त्यात.

नीट सांगते. मी गोजर. आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याला. मुरबाडवरनं एसटी येते ती फाट्यावर सोडते, पुढं पायी चालायचं. माझ्या नवऱ्याचं नाव मी घेत नाय. भिमी आमची शेजारीण, ती त्याला कोंडूदादा म्हणते, त्यावरनं समजा. मी अनिलचा बाप म्हणते. तोंडावर तुमी, मागनं तो. आमच्याकडं असंच असतं.

आणखी एक गोष्ट आमच्याकडं असते, ती समजली नाय तर पुढचं काय समजणार नाय. घरात मोठं माणूस असलं की नवरा-बायकोनं एकमेकाच्या तोंडाकडं बघून बोलायचं नाय. जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं, ज्याला ऐकायचं ते ऐकतं. माझी सासू, बुधी तिचं नाव, ओटीवर बसलेली असायची. तो यायचा, टोपी खुंटीला लावायचा आणि म्हणायचा, "आये, पेज झाली का विचार." मी तिथंच, हाताच्या अंतरावर. सासू म्हणायची, "झाली का गो?" मी म्हणायची, "आत्या, सांगा, होतेच आहे." सासू म्हणायची, "होतेच आहे म्हणते." गावातल्या सगळ्या घरात हाच प्रकार. कोणी त्याला लाज म्हणायचं, कोणी मान म्हणायचं. पोरं बोलती झाली की पोरांना सांगायचं. शेतात सासू नसायची, तर तिथं बैल असायचा. "पाखऱ्या, चल रे, बांधावर भाकर आली बघ." भाकर काय पायानं चालत आली होती? भाकर घेऊन मी उभी होते.

रेश्मा माझी पोरगी. तिच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं तिला विचारलं होतं, अगं मग तुम्ही भावंडं झालात कशी? पोरं व्हायला बोलावं लागत नाय, हे त्या पोरीला कोण सांगणार. काळोखात तिसरं कोणी नसायचं, म्हणून बोलणंही नसायचं. माणूस वाईट नाय तो. हात उचलला नाय कधी, पिऊन आला नाय. गावात तर मला नशीबवान म्हणतात. बायका असं म्हणाल्या की मी मान हलवायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

मग सासू गेली. त्याच्या आधीच अनिल भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला लागला होता, रेश्माचं लग्न होऊन ती शहापूरला गेली होती. घरात राहिलो आमी दोघं. सासूसाठी मी रडले, खरं रडले. पण तेराव्याचे पाहुणे गेल्यावर घर झाडताना मनात आलं, आता मधी कोणी नाय. आता हा माणूस मला काय तरी म्हणेल. नाव घेऊन म्हणेल, का नुसतं "ऐक" म्हणेल, याचासुद्धा मी विचार करून ठेवला होता. संध्याकाळी तो आला. टोपी खुंटीला लावली. सासूच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि म्हणाला, "पेज झाली का?"

म्हटलं, सवय आहे, जाईल. पावसाळा गेला, भात झोडून झालं, सवय काय जात नाय. पुढं पुढं तर त्यानं मांजर शोधलं. भिमीची मांजर, आमच्याकडं ताकाला यायची. "काय गो मांजरे, भाजीत मीठ नाय आज." मांजर त्याच्याकडं बघायची, मी चुलीकडं बघायची, आणि मीठ नेऊन द्यायची. इतकी मूर्ख मी.

दिवाळीला अनिलनं टीव्ही आणला. पत्र्यावर छत्री लावली, वायर ओढली, बापाला रिमोट शिकवला. तोवर मी टीव्ही बघायची तो ग्रामपंचायतीत, उभ्यानं, कोणाच्या तरी डोक्यावरनं. आता घरात बसून बघायला लागले. साडेआठची सिरीयल. मोठा बंगला, त्यात एक नवरा आणि एक बायको, लग्नाला पंचवीस वर्षं होत आलेली, आणि एवढ्या वर्षांत दोघांपैकी एकाचाही केस पांढरा नाय. ती बाई झोपायला जाते तेव्हा तिच्या अंगावर माझ्या लग्नात नव्हते तेवढे दागिने. एकदा मी पाटल्या घालून झोपले होते तर गोधडी फाटली. पण ते जाऊ दे. ती दोघं बोलतात. एवढं बोलतात की ऐकणाऱ्याचा जबडा दुखावा. समोरासमोर उभी राहतात, तो तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, आज तू गप्प का आहेस? आणि ती म्हणते, काही नाही. आणि तो म्हणतो, नाही, काहीतरी आहे. एवढ्यावर आठवडा जातो.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाई, सांग ना त्याला. विचारतोय ना तो. तुला विचारणारा आहे आणि तू तोंड फिरवून खिडकीकडं बघतेस. आणि त्याला तरी दुसरा काय उद्योग नाय. ऑफिसला जातो म्हणतो, पण कधी बघावं तेव्हा हिच्या खोलीत. त्या घरात चूल पेटलेली मी कधी बघितली नाय, कोणाला खोकला झालेला बघितला नाय. मग रुसायला, समजूत घालायला टाइम असणारच. मी रोज म्हणायची, उद्यापासनं बघणार नाय हे थोतांड. आणि साडेआठला भांडी तशीच टाकून पुढ्यात जाऊन बसायची. कारण मला ऐकायचं असायचं, एखाद्या बाईला कोणी विचारलं तर कसं वाटतं.

अनिलचा बापही बघायचा. भिंतीला टेकून, बिडी ओढत. काय बोलायचा नाय.

एक दिवस मीच ठरवलं. लाज गेली चुलीत. सकाळी तो ओटीवर कोयतीला धार लावत होता. राबाला कवळं तोडायला जायचं होतं. झाडाच्या त्या कोवळ्या फांद्या शेतात पसरून जाळतात, त्यावर भाताचं रोप टाकतात, ते काम. मी उंबऱ्यात उभी राहिले, पदर खोचला आणि म्हटलं, "आता या घरात तिसरं कोणी नाय. मला काय सांगायचं असेल तर माझ्याकडं बघून सांगा. मांजरीला सांगितलेलं मी ऐकणार नाय."

छातीत धडधडत होतं माझ्या. लग्नाच्या दिवशी नव्हतं एवढं. त्यानं धार लावायची थांबवली. अंगठ्यानं धार बघितली. मग उठला आणि गोठ्यात बैल बघायला गेला.

बरं म्हटलं. मीही काय कमी नाय. त्या दिवसापासनं मी बहिरी झाले. तो म्हणायचा, "पाणी तापलं नाय काय." मी लसूण सोलत बसायची. तो म्हणायचा, "चटणी संपली दिसते." मला काय दिसायचं नाय. भाजीत मुद्दाम मीठ टाकलं नाय दोन वेळा. त्यानं तशीच खाल्ली, मुकाट्यानं, शेवटच्या घासापर्यंत. मला राग येण्याऐवजी त्याचीच कीव यायला लागली, म्हणून जास्त राग आला. तिसऱ्या वेळी मीच मीठ टाकलं.

मांजरीचा उपयोग होईना तेव्हा तो भिमीकडं जायला लागला. तिच्या अंगणात उकिडवा बसायचा. "भिमी, तिला सांग, दळण सरलंय." भिमी कुडापलीकडनं ओरडायची, "गोजरवयनी, दळण सरलंय गो." जसं काय मला माझ्या घरातला डबा दिसत नाय. मी भिमीला म्हटलं, तू कशाला निरोप पोचवतेस? ती म्हणाली, "मग काय करू? हाकलू? आणि तुला एवढी काय बोलायची हौस गो? आमचा रोज बोलतो माझ्याशी, तोंडावर बोलतो. शिव्याच देतो. पायजे तर घेऊन जा चार दिवस." तिचं खरं होतं, आणि माझंही खोटं नव्हतं. पण भिमीला हसण्यापलीकडं काय सुचत नाय. मी घरी आले.

आणि मग ती पंचविशी आली. सिरीयलमधली. आठवडाभर जाहिरात चालली होती, लग्नाचा वाढदिवस, मोठा सोहळा. भिमी आली, तिची पोरं आली, ओटी भरली. बंगल्यात दिवे लावलेले, फुलं, केक. नवरा सगळ्या पाहुण्यांसमोर बायकोच्या पुढं एक गुडघा टेकून बसला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, इतकी वर्षं तू या घरासाठी राबलीस, मी तुला कधी विचारलंच नाही की तू सुखी आहेस का. आज विचारतो. मागनं बासरी वाजत होती.

ती बाई राबली कधी, हे मला विचारू नका. पण माझ्या डोळ्याला पाणी आलं. मी तिरक्या नजरेनं बघितलं. अनिलचा बाप भिंतीपासनं पुढं सरकला होता. बिडी हातात विझली होती. डोळे टीव्हीवर, आणि तोंड असं उघडं, लहान पोरासारखं. तो म्हणाला, "बरा बोलतो."

टीव्हीतल्या माणसाला म्हणाला. त्याला दाद दिली. सव्वीस वर्षं मी या माणसाच्या बाजूला बसले आहे, मला एका शब्दाची दाद नाय, आणि त्या पावडर लावलेल्या बाप्याला "बरा बोलतो". माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. पण ओटीवर माणसं होती.

तेवढ्यात लाइट गेली. त्या वर्षी लोडशेडिंग होतं, कधीही जायची. बाईनं काय उत्तर दिलं ते राहूनच गेलं. भिमी शिव्या घालत पोरांना घेऊन घरी गेली. आमी दोघं राहिलो काळोखात. मी चिमणी लावायला उठले नाय. मुद्दाम उठले नाय. मनात म्हटलं, आता बोल. आता मी तुला दिसत नाय, तू मला दिसत नायस, लाजायला कोणाचं तोंड नाय समोर. आत्ताच त्या माणसाचं ऐकलं आहेस, त्याचंच म्हण पायजे तर, मी तेवढ्यावर भागवीन. तो श्वास घ्यायचा ते ऐकू येत होतं. एकदा तर त्यानं घसा साफ केला. माझा जीव सगळा कानात गोळा झाला.

"लाइट कधी येते काय माहीत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी मुरबाडला आणि तिथनं शहापूरला गेले. सांगून गेले नाय. कोणाला सांगणार? मांजरीला?

रेश्मा आणि जावई ओमकार शहापूरला बाजाराच्या मागं भाड्याच्या खोलीत राहतात. ओमकार ठाण्याला कामाला, पहाटेची लोकल असते त्याची. संध्याकाळी घरी आला तसं त्यानं पाया पडून विचारलं, "आई, बऱ्या आहात ना?" दुसऱ्या दिवशी विचारलं, "आई, झोप झाली का?" मी आत मोरीत जाऊन रडले. खोटं कशाला बोलू. जावयानं झोप झाली का विचारलं म्हणून रडणारी सासू कोणी बघितली नसेल.

रेश्माला मी म्हटलं, नशीब काढलंस. तर ती उसळली. "तुला दोन दिवस दिसतोय तो. मला रोज जाताना दारात लव यू म्हणतो. त्या सिरीयलमधला म्हणतो ना, तसाच, मान तिरकी करून. परवा मला ताप होता. मी म्हटलं, अंग दुखतंय. तर लव यू म्हणाला आणि गेला. तो विचारतो आई, पण उत्तर ऐकायला थांबत नाय. फास्ट चुकेल ना."

"विचारतो तरी," मी म्हटलं.

"तुला काय कळणार नाय."

"मला कळणार नाय? मला?" मग आमी दोघी जाम भांडलो. तिचं म्हणणं, नुसते शब्द घेऊन काय करायचे. माझं म्हणणं, एकदा मिळू दे, मग काय करायचं ते मी बघीन. तीही रडली, मीही रडले, आणि साडेआठला दोघी नाक ओढत तीच सिरीयल बघत बसलो. बंगल्यातल्या बाईनं अजून उत्तर दिलं नव्हतं. ती जिन्यावर उभी राहून विचार करत होती.

इकडं त्याचे निरोप यायला लागले. पहिला निरोप आणला आमच्या गावच्या रंगूनं, ती सुकी मासळी विकायला शहापूरच्या बाजारात बसते. "कोंडूदादा म्हणतो, बैलाला वैरण कोण घालणार?" मी म्हटलं, बैलानं विचारलं असेल तर त्याला सांग, येते. नवऱ्यानं विचारलं असेल तर त्यानं यावं. रंगू माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असणार, हिला काय तरी लागलंय.

मग फोन आला. रेश्माकडं मोबाइल होता. गावात दुकानाबाहेर तो रुपयाचा डबा असतो, तिथनं त्यानं लावला. आयुष्यात पहिल्यांदा लावला असेल. रेश्मा म्हणाली, "हां बाबा, बोला." ऐकलं. माझ्याकडं वळली. "आई, बाबा विचारतायत कधी येणार."

"त्यांना सांग, माझ्याशी बोला."

"बाबा, आईशी बोला. देते हां." पुन्हा ऐकलं. "आई, ते म्हणतायत तूच सांग तिला."

मी तिच्या हातातनं फोन ओढून कानाला लावला. दुकानासमोरनं जीप गेली त्याचा आवाज आला. कोंबडा आरवला. त्याचा श्वास ओळखू येत होता मला, तो बिडीचा श्वास. मी वाट बघितली. काय बोलला नाय. मग टूं टूं झालं आणि रुपया संपला. मी फोन रेश्माला दिला. ती म्हणाली, काय म्हणाले? मी म्हटलं, सिरीयल लाव.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी आशा सोडली. मनात धरलं, राहायचं इथंच, पोरीच्या दारात भाजी विकायची, गवार निवडायची, पण परत त्या घरात भिंत होऊन जायचं नाय. सव्वीस वर्षांचा संसार एका वाक्यासाठी सोडते म्हणून गाव तोंडात शेण घालील, घालू दे. त्यांनाही घरी जाऊन मांजरीशीच बोलायचंय.

आणि आठवड्यानं तो दारात उभा. दुपारचं. धुतलेली टोपी, पायात अनिलचे जुने बूट, हातात नाचणीची पिशवी. रेश्मानं पाणी दिलं. तो सोफ्याच्या कडेला टेकला, जसा काय सोफा फुटेल. मी खाली फरशीवर गवार निवडत होते, तशीच बसून राहिले. टीव्ही चालू होता, दुपारी रात्रीचंच परत दाखवतात. तो टीव्हीकडं बघून म्हणाला, "रेश्मा, तुझ्या आयेला सांग..."

रेश्मा माझीच पोरगी. तिनं रिमोट उचलला, टीव्ही बंद केला. "मी दळण घेऊन येते," म्हणाली. दळणाचा डबा घेतला नाय, काय नाय. बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं.

त्यानं दाराकडं बघितलं. काळ्या टीव्हीकडं बघितलं. खोलीत मांजर नाय, बैल नाय, भिमी नाय. एक कॅलेंडर होतं. तो कॅलेंडरकडं बघून म्हणाला, "मुरबाडची गाडी तीनची हाय."

मी गवार मोडली.

"तीनची चुकली तर मग संध्याकाळची."

मी दुसरी मोडली.

"ऐकू येत नाय का तुला?" तो असा ओरडला की शेजारच्या खोलीतला मिक्सर थांबला.

तुला म्हणाला. मला म्हणाला. माझ्या हातावर काटा आला, पण मी तो दाखवणार होते काय? मी म्हटलं, "येतं की. मला बोललात?"

"मग कोणाला बोललो? हाय का हितं दुसरा कोण?"

"मला काय ठाव. सव्वीस वरसं झाली, मी कधी होतेच कुठं? आयेला बोललात, पोरांना बोललात, बैलाला बोललात. मेल्या मांजरीला बोललात. मी काय भूत हाय? भुताला तरी लोक भितात. भिमीच्या अंगणात जाऊन बसता, लाज वाटत नाय? त्या टीव्हीतल्याला बरा बोलतो म्हणता. आणि माझ्या तोंडाला काय किडे पडलेत, का बघवत नाय तुमाला?" आणखीही काय काय बोलले. पोरं लहान असतानाचं, बाळंतपणातलं, सगळं काढलं. आवाज माझाही चढला होता. मिक्सर काय परत सुरू झाला नाय.

"तू तरी बोललीस कधी?" तो म्हणाला.

"बोलले ना. उंबऱ्यात उभी राहून बोलले. तुमी बैल बघायला गेलात."

त्यानं टोपी काढली, दोन्ही हातात पिळायला लागला. मग खाली बघून, पण मलाच, हळू म्हणाला, "मी वावरातनं येतो ना, वाटेत ठरवतो. आज काय तरी बोलायचा. ओढ्यापर्यंत येतो तवर सुचलेला असतो. मग घरात पाय टाकतो, तर तू चुलीकडं तोंड करून. मग जातो तो. कुठं जातो काय माहीत. त्या टीव्हीतल्याला बरा सुचतो."

"त्याला लिहून देतात," मी म्हटलं.

"मना कोण देणार लिहून?"

हे त्यानं असं विचारलं की माझ्याकडं उत्तर असेलच. माझा राग अर्धा उतरला, अर्धा तसाच राहिला, आणि त्या दोघांच्या मधी मी हातात गवार घेऊन बसले होते. म्हटलं, "एवढ्याला लिहायला काय लागतं? कशी हायस, एवढंच विचारायचं असतं. तुमी मोठं भाषण कशाला शोधत बसता?"

त्यानं टोपी आणखी एकदा पिळली. मग त्यानं मान वर केली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. दिवसाउजेडी, सरळ. त्याचे डोळे एवढे पिवळट झालेत हे मलाही तेव्हाच दिसलं.

"कशी हायस?" तो म्हणाला.

बंगल्यातली बाई असती तर खिडकीकडं गेली असती. बासरी वाजली असती. मी सव्वीस वर्षं या प्रश्नासाठी काय काय जमवून ठेवलं होतं, आणि विचारल्यावर त्यातलं एक तोंडात येईना. जे खरं होतं तेवढं आलं.

"गुडघा दुखतो," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. विचार केला. माझ्या लुगड्याकडं बघितलं, दोन्ही पाय मांडी घालून त्यात झाकलेले.

"कुठला?" त्यानं विचारलं.

चार पावसाळे मी त्याच्या डोळ्यासमोर लंगडते आहे. डोक्यावर हंडा घेऊन ओढ्याचा चढ चढताना मी थांबते तेव्हा तो माझ्या मागं असतो. रंगूला माहीत आहे, भिमीच्या पोरांना माहीत आहे, ती माझी नक्कल करतात. मला वाटलं, उठावं आणि याला तीनच्या गाडीत एकट्याला बसवून द्यावं. पण तो वाट बघत होता, टोपी पिळायची थांबवून. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मी गवार बाजूला ठेवली, लुगडं थोडं सारलं, आणि ज्या माणसापासनं मला दोन पोरं झाली त्या माणसाला माझा गुडघा बोट लावून दाखवला. म्हटलं, हा.